प्रोसेसर आणि न तडतडलेली मोहरी

आमच्या घरात मी ‘मी बघतो’ असं म्हणालो की तिघीजणी हातातलं काम टाकून माझ्याकडे बघतात. बायको, मुलगी आणि सासूबाई. (सासूबाई वसईहून चार दिवसांसाठी आल्या आहेत. त्याला आता पाच आठवडे झाले. मी मोजत नाहीये, सहज लक्षात आलं.) म्हणून हल्ली मी हे शब्द फार जपून वापरतो. पण त्या शनिवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेतला आणि ते तोंडातून निसटलेच.

झालं होतं असं. शुभदा, म्हणजे आमची ही, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता आणि पडद्यावरचं ते गोल चक्र फिरत होतं, फिरतच होतं.

“अहो, उद्या पाच वाजता माझा डेमो आहे आणि हा मेला दर दोन मिनिटांनी अडकतोय. यातलं नको असलेलं जरा काढून टाकता का? हलका तरी होईल.”

“मी बघतो,” मी म्हणालो.

“बाबा, तू फक्त डिलीट कर. बाकी काही बघू नकोस,” निशिगंधा आतल्या खोलीतून ओरडली. आमची ही मुलगी कॉलेजात शिकते आणि तिला सगळं कळतं. (हे वाक्य मी आधी उपहासाने म्हणायचो. त्या रविवारपासून सरळ अर्थाने म्हणतो.)

डेमोचं प्रकरण साधं नव्हतं. परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवणारी एक संस्था आहे. शुभदाने तिथे अर्ज केला, लेखी परीक्षा दिली, मुलाखत दिली, आणि आता शेवटची पायरी उरली होती. इंग्लंडमधली सहा मुलं समोर बसणार, शुभदा त्यांना अर्धा तास शिकवणार आणि संस्थेच्या दोन बाई ते बघून निर्णय देणार. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की मोबाइल चालणार नाही, लॅपटॉपच हवा, आणि डेमो एकदाच होईल.

आता एक कबुली देतो. पंधरा वर्षांपूर्वी शुभदा गिरगावातल्या शाळेत शिकवत होती आणि मुलं तिच्यावर जीव टाकायची. मिरा रोडला घर घ्यायचं मी ठरवलं. माझं ऑफिस अंधेरीला, मला बरं पडलं. तिला कडेवरच्या निशीला घेऊन गिरगाव जमेना आणि तिने शाळा सोडली. ती कधी बोलली नाही, पण घरात जुने खडूचे डबे अजून आहेत आणि ते मला दिसतात. त्यामुळे डिलीटबिलीट करून भागवणं मला पटेना. मला तिच्यासाठी काहीतरी मोठं करायचं होतं.

आणि तयारी माझी झालेली होती. गेले दोन आठवडे ऑफिसातून आल्यावर मी त्याच लॅपटॉपवर गुपचूप अभ्यास करत होतो. विषय एकच, लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येतो का. प्रोसेसर म्हणजे मेंदू. मेंदू नवा घातला की बाकीचं शरीर आपोआप पळेल, असा माझा हिशेब. पहिला लेख म्हणाला, येत नाही. मी दुसरा उघडला. तो म्हणाला, येत नाही. मग व्हिडिओ बघितले. तेही नाहीच म्हणाले. मी धीर सोडला नाही आणि अखेर एका गृहस्थाने, येतो, असं सांगितलं. (त्याचा लॅपटॉप पंधरा वर्षं जुना होता. पण इतक्या बारीकसारीक गोष्टींत मी शिरलो नाही.) त्या भरात मी एक प्रोसेसर मागवूनही टाकला. तो माझ्या मोज्यांच्या खणात लपवलेला होता.

शिवाय मला अनुभव होता. २००४ साली आमच्या विमा कंपनीच्या अंधेरी शाखेत एका कॉम्प्युटरचा प्रोसेसर मी बदललेला आहे. म्हणजे बदलला इंजिनियरने, मी टॉर्च धरला होता. पण बघितलं होतं नीट. एक छोटी दांडी वर करायची, जुना चौकोन उचलायचा, नवा ठेवायचा, दांडी खाली. पाच मिनिटांचं काम.

तरीही एकदा तज्ज्ञाच्या कानावर घालावं म्हणून संध्याकाळी पिशवीत लॅपटॉप आणि खिशात प्रोसेसर घालून मी शांती नगरात रोशनच्या दुकानात गेलो. रोशन आमच्या सेक्टरचा लॅपटॉप-डॉक्टर.

“रोशनभाई, ये प्रोसेसर इसमें बिठाना है.”

त्याने माझा चौकोन उलटापालटा करून बघितला. “ये किसका है?”

“मेरा है.”

“नहीं अंकल, मतलब कौनसी मशीन का है? ये तो डेस्कटॉप का है.”

“प्रोसेसर तो प्रोसेसर होता है ना?”

रोशनने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “अंकल, लॅपटॉप का प्रोसेसर बोर्ड पे सोल्डर होके आता है. निकलता ही नहीं. रॅम बढ़ता है, एसएसडी लगता है, बस. आज छोड़ के जाओ, मैं रॅम डाल देता हूँ. कल दुकान बंद है, वरसावे में साले की शादी है.”

मी लॅपटॉप परत पिशवीत घातला. दुकानदार ‘होत नाही’ म्हणाला की माझा त्याच्यावरचा विश्वासच उडतो. मिक्सरवाला म्हणाला होता, भांडं बदलता येत नाही, नवा मिक्सर घ्या. पंखेवालाही तेच म्हणाला होता. (दोघांचं खरं निघालं, पण तो भाग वेगळा.) याला साल्याच्या लग्नाची घाई आहे म्हणून हा टाळतोय, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

रविवारी सकाळी दहाला शुभदा भाईंदरला मैत्रिणीकडे गेली. मैत्रिणीच्या दोन मुलांसमोर तासाची रंगीत तालीम करायची होती. निशी झोपलेली. सासूबाई देवपूजेत. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप पालथा घातला.

स्क्रू काढायला सुरुवात करण्याआधी ते ठेवायचे कुठे, याचा मी विचार केला. मी क्लेम डिपार्टमेंटचा माणूस आहे. सुटे कागद आणि सुटे स्क्रू टेबलावर पसरलेले मला सहन होत नाहीत. ओट्यावर मसाल्याचा स्टीलचा डबा धुऊन पालथा घातला होता. आत सात वाट्या. मला तर तो याच कामासाठी बनवलाय असं वाटलं. पहिल्या वाटीत तळाचे स्क्रू, दुसरीत पडद्याच्या बिजागरीचे, तिसरीत पंख्याचे, अशी सात वाट्यांत मी सगळी विभागणी केली आणि पाकिटाच्या मागे तक्ताही लिहून ठेवला. (बिजागरीचे स्क्रू मी का काढले हे मला आजही सांगता येणार नाही. हात लागला होता, काढत गेलो.) स्क्रू काळे होते आणि इतके बारके की शिंकलो तर उडतील.

सगळं उघडून झालं, पंखा निघाला, तांब्याची पट्टी निघाली आणि खाली तो दिसला. नखाएवढा चकचकीत प्रोसेसर. मी दांडी शोधायला लागलो.

दांडी नव्हती. मी चष्मा पुसला. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. खिशातला माझा नवा प्रोसेसर काढून शेजारी ठेवला तर तो बिस्किटाएवढा. नखाने जरासं उचकटून बघितलं, चिप ढिम्म हलली नाही. मी उठलो, गॅलरीत गेलो, परत आलो. चिप अजून तिथेच. पुन्हा गॅलरीत गेलो. साडेअकरा वाजले होते.

तेवढ्यात निशी डोळे चोळत बाहेर आली आणि दारातच थांबली.

“बाबा! हे काय केलंस?”

“अपग्रेड.”

“प्रोसेसर? अरे तो बोर्डाचाच भाग असतो! निघत नाही तो!”

“रोशनपण तेच म्हणत होता.”

“मग?”

“मला वाटलं, टाळतोय.”

निशीने कपाळाला हात लावला. “आता आईला काय सांगणारेस? आधी बंद कर सगळं. स्क्रू कुठायत?”

“मसाल्याच्या डब्यात.”

“आणि डबा?”

आम्ही दोघांनी टेबलाकडे बघितलं. पाकिटावरचा तक्ता होता. डबा नव्हता. आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला.

“अगं निशे, तुझ्या आईनं ही मोहरी कुठून आणली गं? तेल कडकडीत तापलंय आणि निम्मी मोहरी तडतडत कशी नाही?”

मी धावलो. कढईत तेल होतं. तेलात थोडी मोहरी तडतडत होती आणि तिच्यामध्ये तीन स्क्रू निवांत तापत होते.

“आई, गॅस बंद करा! डबा कोणी भरला?”

“मी भरला, जावईबापू,” सासूबाई पदराने हात पुसत म्हणाल्या. “टेबलावर रिकामा पडला होता. बघते तर सातही वाट्यांच्या तळाशी मेली चार-चार मोहरी. म्हटलं, शुभदाचं लक्ष नाही हल्ली घरात. सगळ्या भरून ठेवल्या. फोडणीला मात्र तळातली जुनी मोहरी आधी उकरून घेतली, संपायला हवी ना. पहिली फोडणी तर मी ओतून दिली सिंकमध्ये, मोहरी खराब असेल म्हणून. ही दुसरी.”

मी डब्यात बघितलं. मोहरी, जिरं, हळद, तिखट, मेथ्या, धने, गोडा मसाला, सगळं काठोकाठ. माझी सात वाट्यांची विभागणी खाली कुठेतरी गाडली गेली होती. आणि दुसऱ्या वाटीतले, म्हणजे बिजागरीचे स्क्रू नेमके मोहरीखाली होते. त्यातले निम्मे पहिल्या फोडणीबरोबर मिरा-भाईंदरच्या गटारात पोचले होते.

दार वाजलं. शुभदा आली होती. तालीम छान झाली असावी, कारण ती काहीतरी गुणगुणत होती. टेबलाजवळ आल्यावर ते थांबलं. पालथा, पोट फाडलेला लॅपटॉप तिने बघितला, माझ्याकडे बघितलं, कढई घेऊन उभ्या असलेल्या आपल्या आईकडे बघितलं. ती ओरडली असती तर मला फार बरं वाटलं असतं.

“पाच वाजता आहे माझा डेमो,” एवढंच ती म्हणाली आणि बेडरूममध्ये जाऊन तिने दार लावून घेतलं.

मला इतकं अपराधी आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पंधरा वर्षांनी तिच्या हाताशी आलेली गोष्ट मी स्क्रूड्रायव्हरने उघडून ठेवली होती. मी वरच्या मजल्यावरच्या पराग नावाच्या शेजाऱ्याकडे पळालो. त्याचा लॅपटॉप होता, पण ऑफिसचा, त्यात ऑफिसबाहेरचं काही चालूच होत नव्हतं. खाली आलो आणि रोशनला फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता.

“बोलो अंकल! खोला तो नहीं ना?”

“थोडा.”

“थोडा मतलब?”

“पूरा.”

बँडचा आवाज जरा लांब गेला, रोशन बाजूला सरकला असावा. मग म्हणाला, “प्रोसेसर को हाथ लगाया?”

“सिर्फ नाखून.”

“अरे अंकल! अभी सुनो. वो तांबे का पार्ट वापस टाइट बिठाओ. बैटरी का प्लग लगाओ. भगवान का नाम लेके बटन दबाओ. मैं घोड़ी के पीछे हूँ, रखता हूँ.”

मग आमच्या घरात जे सुरू झालं ते कुठल्या कारखान्यातही होत नसेल. निशीने फ्रिजवरचा महाबळेश्वरचा मॅग्नेट काढला आणि तो एकेका वाटीत फिरवायला लागली. जिऱ्यातून दोन आले. हळदीतून चार आले, पिवळेधमक. तिखटातले काढताना मला खोकल्याची उबळ आली आणि अर्धं तिखट माझ्या नाकात गेलं. सासूबाई धने पिठाच्या चाळणीने चाळत होत्या आणि प्रत्येक स्क्रूला “हा बघा, आला मेला” म्हणत होत्या. कुठला स्क्रू कुठला हे आता कोणालाच कळत नव्हतं. माझ्या तक्त्यावर कोणीतरी तेलाची पळी ठेवली होती.

जेवलं कोणीच नाही. तीन वाजता तांब्याची पट्टी बसली, साडेतीनला पंखा, चारला बॅटरी. मी दर दोन मिनिटांनी उठून घड्याळ बघत होतो आणि निशी दर दोन मिनिटांनी मला “बाबा, बस” म्हणत होती. सव्वाचारला तिने बटण दाबलं.

लॅपटॉप चालू झाला. नुसता चालू नाही, झटकन चालू झाला. ना घरघर, ना ते गोल चक्र.

“बघ!” मी म्हणालो. “काहीतरी सुधारणा झालीच ना!”

निशी पडद्याकडे बघत होती. “बाबा, हा विचारतोय, मागचे एकशे बारा टॅब पुन्हा उघडू का.”

“कसले टॅब?”

“‘लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येतो का’चे. तू दोन आठवडे एकही बंद केला नव्हतास. म्हणून अडकत होता तो.” तिने शांतपणे ‘नको’ वर क्लिक केलं.

मी या विषयावर चर्चा वाढवली नाही. कारण आता वेगळाच प्रश्न होता. बिजागरीला पुरेसे स्क्रूच नसल्याने पडदा उभा राहत नव्हता. सोडला की मागे आडवा व्हायचा. पुस्तकं लावून बघितली, पिठाचा डबा लावून बघितला, तो सारखा घसरायचा. पाच वाजायला दहा मिनिटं होती. शुभदा बाहेर आली. मोरपिशी साडी, केसांत अबोली, डोळे जरा लाल. ती खुर्चीत बसली.

“मी धरतो,” मी म्हणालो.

अशा रीतीने मी टेबलाच्या पलीकडे, सासूबाईंच्या पाटावर गुडघे टेकून बसलो आणि दोन्ही हातांनी पडदा धरला.

“हलायचं नाही,” शुभदा म्हणाली. “बोलायचं नाही. श्वास घ्या, पण जपून.”

पाच वाजले आणि तास सुरू झाला. मला पडद्याची पाठ दिसत होती आणि तिच्या वरून शुभदाचा चेहरा. खरं सांगतो, तो चेहरा मी पंधरा वर्षांत बघितला नव्हता. ती रंगीत कार्डं वर धरत होती, उंच झाड, लाल चेंडू, गोड आंबा, आणि पलीकडून सहा आवाज किलबिलत होते. मला फार आनंद झाला. पण पंधराव्या मिनिटाला माझे दंड थरथरायला लागले.

“टीचर, तुमचं घर हलतंय,” एक मुलगी म्हणाली.

“आमच्याकडे आज वारा फार आहे,” शुभदा म्हणाली आणि टेबलाखालून तिचा पाय माझ्या गुडघ्यावर बसला.

मी दातावर दात दाबून धरून राहिलो. आणखी पाच मिनिटं गेली असती तर निभावलं असतं. पण दुपारचं ते तिखट नाकात कुठेतरी दबा धरून बसलं होतं. मला शिंक आली. एक नाही, ओळीने तीन. पहिल्या शिंकेला पडदा माझ्या हातातून सुटून मागे आडवा झाला, दुसरीला मी त्याच्यावर वाकलो आणि तिसरी मी थेट कॅमेऱ्यात दिली.

आडव्या पडद्यावर मला सहा मुलं दिसत होती, सगळ्यांची तोंडं उघडी. कोपऱ्यात संस्थेच्या दोन बाई होत्या. आणि एका चौकटीत छताच्या पंख्याखाली लाल नाकाचा, कपाळाला हळद लागलेला मी होतो. निशीने डोळे झाकले. मला वाटलं, संपलं.

“हू इज दॅट?” एका मुलाने विचारलं.

तेव्हा शुभदाचा आवाज आला. भाजी आणायला सांगणारा नाही, वर्गात असतो तो.

“मुलांनो, हे काका आहेत. आता मराठीत सांगा, काका कसे आहेत?”

“टकले!”

“शाब्बास. आणखी?”

“लाल! जाडे! पिवळे!”

“छान. आणि काका काम करायला गेले की सगळं पाडतात, सांडतात, गोंधळ करतात. असा माणूस म्हणजे वेंधळा. काय म्हणायचं?”

“वेंधळा!” सहाही जण ओरडले. मग तिने त्यांच्याकडून वेंधळा काका, वेंधळी काकू, वेंधळं मांजर असं सगळं म्हणून घेतलं. मुलं खिदळत होती आणि मी पडद्यावर वाकलेला तसाच थिजून होतो, कारण हललो तर आणखी काहीतरी होईल अशी मला भीती वाटत होती. दोघींपैकी चष्मेवाल्या बाई मात्र जराही न हसता काहीतरी लिहीत होत्या.

तास संपला. शुभदाने पडदा हळूच मिटला.

“फार दुखतायत का हात?” तिने विचारलं.

मी हात पाठीमागे घेतले. सासूबाईंनी चहा ठेवला. त्यात काही काळं तरंगतंय का, हे चौघांनीही बघून घेतलं.

पुढचे तीन दिवस माझे फार वाईट गेले. ऑफिसात एका माणसाचा क्लेम मी दोनदा मंजूर केला. त्या चष्मेवाल्या बाई काय लिहीत होत्या, हे डोक्यातून जाईना. बुधवारी संध्याकाळी घरात शिरलो तर निशी मोबाइल हातात धरून नाचत होती.

“बाबा, ईमेल आलं! आईची निवड झाली!”

शुभदा हसत होती आणि रडतही होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, आपल्या हातून काही बिघडलं नाही, सुटलो.

“थांब, अभिप्रायपण आहे,” निशी म्हणाली आणि वाचायला लागली. “‘शिक्षिकेची मुलांवरची पकड उत्तम. शिंकणाऱ्या सहकलाकाराची योजना विशेष कल्पक. पुढील तासांतही त्यांना अवश्य घ्यावे.’”

“बघा!” मी सासूबाईंकडे वळून म्हणालो.

“अजून एक ओळ आहे, बाबा. ‘मात्र त्यांचा अभिनय फारच अतिरंजित वाटला. प्रत्यक्षात इतका वेंधळा माणूस असू शकत नाही, हे लहान मुलांनाही कळते. तरी त्यांनी थोडे नैसर्गिक राहावे.’”

तेव्हापासून रोज जेवण झाल्यावर शुभदा माझी तालीम घेते. कमी वेंधळं कसं दिसायचं याची. अजून जमलेलं नाही.